आभासी देह आणि खरा हात

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आमच्या जिल्ह्यात लहान मुलालाही पाठ असते. ती अभिमानाने म्हणायची की उपहासाने, हे म्हणणाऱ्याच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर अवलंबून. कृषी विद्यापीठाचे नाव निघाले तरी ती ऐकू येते आणि रस्त्यातल्या खड्ड्यात स्कूटर आदळली तरीही. २०२३ साली मात्र ती सरळ अर्थाने म्हणावी असा प्रसंग आला. परभणीत शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यासाठी परभणीकरांनी आंदोलने केली होती, निवेदनांचे गठ्ठे दिले होते. पाठोपाठ २०२४ साली हिंगोलीलाही असेच महाविद्यालय मिळाले. १ मे १९९९ पर्यंत हिंगोली आमच्याच जिल्ह्यात होती, तेव्हा एका जुन्या घरात दोनदा पेढे वाटले गेले म्हणायला हरकत नाही.

याआधी जिंतूरच्या किंवा पालमच्या मुलाला सरकारी महाविद्यालयात डॉक्टरकी शिकायची तर अंबाजोगाई, नांदेड, लातूर किंवा तेव्हाचे औरंगाबाद गाठावे लागे. औरंगाबादचे महाविद्यालय १९५६ चे, अंबाजोगाईचे १९७४ चे, नांदेडचे १९८८ चे आणि लातूरचे २००२ चे. परभणीची पाळी यायला पुढची वीस वर्षे जावी लागली. उशिरा का होईना, आली.

पण महाविद्यालय मिळाले म्हणजे आधी मंजुरी मिळते, जागा मिळतात, फलक लागतो. डॉक्टर मिळायला साडेचार वर्षांचा अभ्यास आणि वर एका वर्षाची आंतरवासिता लागते. म्हणजे परभणीची पहिली तुकडी पूर्ण डॉक्टर होऊन बाहेर पडेल ती २०२९ च्या सुमारास. या साऱ्या शिक्षणाचा पाया पहिल्या वर्षी घातला जातो आणि त्या पायातला सर्वांत जड दगड म्हणजे शरीररचनाशास्त्र. हाड कुठे, नस कुठे, कोणत्या पडद्याखाली काय दडले आहे, हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हातात सुई देणे धोक्याचे.

ही विद्या आजवर मृत देहावर शिकवली जात असे. आता तिच्यासाठी एक नवे साधन आले आहे. डोळ्यांवर एक चष्मा चढवायचा आणि देह नसतानाही देहाच्या आत फिरून यायचे. राज्यातल्या काही महाविद्यालयांत अशी यंत्रे आली आहेत आणि उद्या ती लहानमोठ्या सर्वच ठिकाणी येतील. नव्या महाविद्यालयांना तर ती फारच सोयीची वाटतील, कारण त्यांच्याकडे देहही कमी आणि शिकवणारेही कमी. म्हणूनच हा विषय केवळ डॉक्टरांवर सोपवून आपल्याला मोकळे होता येत नाही. शिकणारी मुले आपली आहेत आणि पुढे त्यांच्यासमोर झोपणारे रोगीही आपणच.

चष्म्याआडचे शरीर

आभासी वास्तव, म्हणजे ज्याला 'व्हर्च्युअल रिॲलिटी' म्हणतात, ते आहे तरी काय? आपल्या दोन डोळ्यांत थोडे अंतर असते. त्यामुळे समोरच्या वस्तूची किंचित वेगळी अशी दोन चित्रे मेंदूकडे जातात. मेंदू त्यांची जुळणी करतो आणि त्यावरून त्याला कळते, की खांब जवळ आहे आणि झाड दूर. डोळ्यांवर बांधायची ही डबी मेंदूला त्याच युक्तीने फसवते. आतल्या छोट्या पडद्यांवर दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे दाखवली जातात. मान वळवली की दृश्य वळते, पाऊल पुढे टाकले की वस्तू जवळ येते. लहानपणी ज्यांनी 'व्ह्यूमास्टर'मध्ये ताजमहाल पाहिला असेल, त्यांना यातली अर्धी गंमत ठाऊक आहे. उरलेली अर्धी संगणकाची.

एका प्रदर्शनात मी ही डबी डोळ्यांवर चढवून पाहिली. समोर माणसाचे हृदय तरंगत होते, टरबुजाएवढे मोठे. हातातली कळ दाबली की त्याची भिंत बाजूला सरके आणि आतल्या झडपा उघडमीट करताना दिसत. मी साठी ओलांडलेला, वाणिज्य शाखेचा माणूस. पण वर्षानुवर्षे ज्या अवयवाविषयी कादंबऱ्यांत नाही नाही ते लिहिले, तो खरोखर कसा चालतो हे पाच मिनिटांत कळले. साधन खेळण्यातले नाही, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

त्याचे गुण उघड आहेत. खऱ्या देहात एकदा कापलेली नस पुन्हा जोडता येत नाही. इथे कळ दाबली की सारे पूर्ववत. डोळे झोंबवणारा फॉर्मालिनचा वास नाही. टेबलाभोवती गर्दी करून मागच्या मुलीने टाचा उंचावण्याचे कारण नाही. औषधात मुरवलेला देह राखाडी, ताठर होतो. इथे रक्त फिरताना दिसते. मेंदूच्या आतल्या पोकळ्या किंवा कानातली चिमुकली हाडे सपाट चित्रातून डोक्यात शिरता शिरत नाहीत, ती इथे भोवती फिरून पाहता येतात. शिवाय सी.टी. स्कॅनसारख्या तपासण्यांतून आजचा डॉक्टर शरीर पडद्यावरच पाहतो. तेव्हा पडद्यावर पाहण्याची सवय त्याला लवकर लागली तर त्यात वावगे काही नाही.

पोथीतला देह आणि टेबलावरचा

तरीही मृत देह समोर ठेवून शिकण्याचा हट्ट माणसाने इतकी शतके का धरला, हे पाहण्यासारखे आहे.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत याची पद्धतच सांगितली आहे. सर्व अवयव शाबूत असलेला देह मुंज गवतासारख्या वेष्टनात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात एकांत जागी ठेवावा. सात रात्रींनी तो मऊ झाला की वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंच्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंतचा एकेक थर डोळ्यांनी पाहावा. शस्त्रक्रिया करणाऱ्याने शास्त्र वाचावे आणि देहही पाहावा, दोन्ही जोडीने, असा त्याचा आग्रह. पुढे आपल्याकडे पोथी राहिली आणि पाहणे सुटले.

युरोपातही वेगळे घडले नाही. गॅलन नावाच्या वैद्याने दुसऱ्या शतकात माकडे आणि इतर जनावरे चिरून माणसाच्या शरीराविषयी लिहिले. त्याचा शब्द सुमारे तेराशे वर्षे प्रमाण मानला गेला. प्राध्यापक उंच आसनावरून गॅलन वाचत आणि खाली न्हावी देह कापत. समोर दिसे एक, वाचले जाई दुसरे, आणि खरे ठरे ते वाचलेलेच. माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा, असे गॅलनने लिहिले होते. तो एकाच हाडाचा असतो, हे व्हेसालियसने स्वतः देह उघडून दाखवले आणि १५४३ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. आधुनिक शरीररचनाशास्त्राचा आरंभ तिथून धरतात.

आपल्या देशात ही खंडित वाट पुन्हा सुरू केली ती मधुसूदन गुप्त या आयुर्वेद शिकलेल्या वैद्याने. १८३६ साली कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी मानवी देहाचे विच्छेदन केले. प्रेताला शिवणे हेच जिथे पातक, तिथे हे धाडस लहान नव्हते. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली निघाले आणि १८५१ साली तिथून बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत आपले भाऊ दाजी लाड होते.

या इतिहासातून मला एवढेच दाखवायचे आहे. पोथी असो की पडदा, दुसऱ्याने आधी पाहून ठेवलेले तेवढेच त्यात असते. देहात मात्र कुणीच न पाहिलेलेही असू शकते.

याचा पुरावा घरबसल्या मिळेल. अंगठ्याचे टोक करंगळीच्या टोकाला लावा आणि मनगट थोडे आपल्याकडे वाकवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी उठून दिसेल. ती एका सडपातळ स्नायूची कंडरा. आता घरातल्या सगळ्यांचे दोन्ही हात पाहा. एखाद्याच्या एका हाताला, क्वचित दोन्ही हातांना, ती दोरी दिसणारच नाही. काही माणसांत तो स्नायू जन्मतःच नसतो आणि त्यावाचून त्यांचे काही अडत नाही. मनगटावर हे ठीक आहे. पण पित्ताशयाकडे जाणारी धमनी कुठून फुटते, पित्तनलिका एकमेकींना कुठे मिळतात, मूत्रपिंडाला रक्तवाहिनी एक आहे की दोन, यांतही माणसागणिक फरक असतात. शस्त्रक्रियेच्या टेबलावर तो फरक ओळखता आला नाही तर रोग्याच्या जिवावर बेतते. संगणकात असे फरक भरता येतात आणि काही कार्यक्रमांत ते भरलेलेही असतात. पण जे कुणाला ठाऊक आहेत तेवढेच. दहा देहांभोवती दहा गट काम करत असले की शेजारच्या टेबलावरून हाक येते, 'अरे, इकडे बघा, हे काहीतरी वेगळंच आहे.' त्या हाकेतून जे शिकले जाते, ते जन्मभर पुरते.

यंत्रातला माणूस

आता एक गोष्ट, जी मला या विषयात सर्वांत विचार करायला लावणारी वाटली. हा आभासी देह आला कुठून? तो चित्रकाराने कल्पनेने काढला असावा असा माझा समज होईल, तर तसे नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने माणसाचे संपूर्ण शरीर संगणकात उतरवण्याचा प्रकल्प हाती घेतला होता. त्यासाठी पहिला देह मिळाला तो टेक्सास राज्यातल्या जोसेफ पॉल जर्निगन या कैद्याचा. खुनाच्या गुन्ह्यात त्याला ऑगस्ट १९९३ मध्ये देहांताची शिक्षा झाली. मरण्यापूर्वी त्याने देह विज्ञानाला दिला होता. तो देह गोठवण्यात आला आणि एकेक मिलिमीटर जाडीचे १,८७१ छेद घेऊन प्रत्येकाचे छायाचित्र काढण्यात आले. १९९४ साली ही चित्रे अभ्यासकांना खुली झाली. पुढच्या वर्षी मेरीलँड राज्यातल्या एका ५९ वर्षांच्या महिलेचा देह याच रीतीने, पण आणखी बारीक म्हणजे मिलिमीटरच्या एक तृतीयांश जाडीच्या छेदांनी, नोंदवला गेला. त्यानंतर जगभर शरीराची जी अनेक संगणकीय प्रतिरूपे तयार झाली, त्यांना या दोन देहांनी पाया पुरवला.

गंमत अशी, की त्या कैद्याचे अपेंडिक्स पूर्वीच काढलेले होते. म्हणजे ज्या देहावरून जग शरीररचना शिकणार, त्या देहात पोटदुखीच्या रोग्यात पहिल्यांदा आठवावा असा अवयवच नव्हता! विनोद सोडा. मुद्दा असा, की आभासी देहाच्या मुळाशीही कुणीतरी दिलेला खरा देहच आहे. पडद्यावर बोटाने बाजूला सारला जाणारा तो स्नायू कधीकाळी कुणाच्या तरी दंडात होता. चष्मा घालणाऱ्या मुलाला हे कुणी सांगितले नाही, तर त्याला तो खेळातला बाहुला वाटेल.

भारतातल्या वैद्यकीय अभ्यासक्रमात २०१९ पासून एक चांगला बदल झाला आहे. मृत देह हा विद्यार्थ्याचा पहिला गुरू, या आशयाचा स्वतंत्र पाठच त्यात ठेवला आहे. अनेक महाविद्यालयांत पहिल्या दिवशी विद्यार्थी त्या देहासमोर उभे राहून शपथ घेतात. सतरा-अठरा वर्षांचे पोर मरणासमोर पहिल्यांदा उभे राहते. हात थरथरतात. पुढे आयुष्यभर 'आता आपल्या हातात काही राहिले नाही' हे नातेवाइकांना ज्याला सांगायचे आहे, त्याचे शिक्षण त्या थरथरीपासून सुरू होते. त्यासाठी दुसरा तास वेळापत्रकात कुठेही नसतो.

जमाखर्च

बँकेत तीस वर्षांहून अधिक काढल्यामुळे कोणत्याही गोष्टीचा जमाखर्च मांडल्याशिवाय मला झोप लागत नाही. तेव्हा जमेची बाजू आधी मांडतो.

२००२ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात शस्त्रक्रिया शिकणाऱ्या सोळा डॉक्टरांचे दोन गट केले होते. एका गटाला दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचा सराव आभासी यंत्रावर दिला, दुसऱ्याला नेहमीच्या पद्धतीने शिकवले. मग दोघांनाही खऱ्या रोग्यावर काम दिले. यंत्रावर सराव केलेल्यांनी पित्ताशय सोडवण्याचे काम २९ टक्के लवकर केले आणि त्यांच्या चुकाही पुष्कळ कमी झाल्या. पित्ताशयाला इजा होण्याचा किंवा भलतीकडे भाजण्याचा प्रकार सराव न केलेल्यांकडून पाचपट अधिक घडण्याचा संभव दिसला. हा आकडा मोठा आहे. अशा शस्त्रक्रियेत डॉक्टर पडद्याकडे पाहूनच हात चालवतो, त्यामुळे पडद्यावरचा सराव थेट उपयोगी पडला.

आता दुसरी बाजू. २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या बाँड विद्यापीठात ५९ जणांना कवटीची रचना शिकवली. काहींना चष्म्यातून, काहींना साध्या टॅब्लेटवर. नंतरच्या चाचणीत गुण जवळपास सारखेच पडले. चष्मेवाल्यांना डोकेदुखी, गरगरणे आणि अंधूक दिसणे असा त्रास मात्र अधिक झाला. मुलांना मजा आली, गुंतून शिकलो असे वाटले. पण ज्ञानाच्या खात्यात फारशी वेगळी जमा दिसली नाही.

म्हणजे साधन कुठे आणि कशासाठी वापरायचे, यावर सारे अवलंबून. हाताच्या सरावाला ते उत्तम, समजून घ्यायला चांगले, देहाच्या जागी ठेवायला अपुरे. पैसेवाल्या संस्थांनीही याचा वेगवेगळा निवाडा केला आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरातल्या वैद्यकीय विद्यापीठाने मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या 'होलोलेन्स' या चष्म्यावर शरीररचना शिकवायला घेतली. या चष्म्यातून खोलीही दिसते आणि त्या खोलीत उभे असलेले आभासी शरीरही. २०१९ साली तिथे नवी भव्य इमारत उघडली. त्याच वर्षी 'होलोलेन्स'ची दुसरी आवृत्ती आली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीने तिचे उत्पादन थांबवल्याचे जाहीर झाले. जेमतेम पाच वर्षे! क्लीव्हलंडच्या संस्थेला दुसरा चष्मा घेता येईल. परभणीच्या संस्थेला पुन्हा प्रस्ताव, पुन्हा निविदा, पुन्हा मार्चअखेर.

कर्ज देताना आम्ही ट्रॅक्टर आणि विहीर यांत फरक करत असू. ट्रॅक्टरचा घसारा पहिल्या दिवसापासून सुरू होतो. विहिरीची काळजी घेतली तर ती नातवापर्यंत पाणी देते. आभासी यंत्र हा ट्रॅक्टर आहे. अवश्य घ्यावा. पण त्याबरोबर दरवर्षीचे परवाना शुल्क, देखभालीचा करार, बॅटऱ्या आणि चालवू शकणारा माणूस यांची तरतूद हवी. ती नसेल तर उद्घाटनाचा फोटो छापून येतो आणि दोन उन्हाळ्यांनंतर यंत्र खोक्यात जाऊन बसते. आमच्याकडे अशा वस्तूंची नोंद 'डेड स्टॉक'च्या रजिस्टरात होते. या विषयात तो शब्द फारच बोचरा वाटतो.

बँकेतलाच आणखी एक अनुभव इथे लागू पडतो. शाखेत संगणक आले तेव्हा माझ्या पिढीने ते आनंदाने स्वीकारले. रात्री बारापर्यंत लेजरच्या बेरजा जुळवणे कुणाला हवे होते? पुढे एक गोष्ट लक्षात आली. व्याजाची 'प्रॉडक्ट' ज्याने हाताने काढली होती, तो पडद्यावरचा आकडा पाहून म्हणे, 'हे जरा जास्त वाटतंय, तपासा.' ज्याने कधीच काढली नव्हती तो म्हणे, 'साहेब, सिस्टीमच तसं दाखवतेय.' यंत्र दोघांपुढे तेच होते. बँकेत अशी चूक नोंद उलटी करून दुरुस्त होते. ऑपरेशनच्या टेबलावर ती सोय नसते.

कुणाच्या वाट्याला काय

मला खरी भीती यंत्राची वाटत नाही. भीती वाटते ती आपल्या जुन्या सवयीची. शाळेत शिक्षक नसला की तिथे दूरचित्रवाणी संच पाठवायचा आणि प्रश्न सुटला असे कागदावर लिहायचे, हे मराठवाड्याने पुरेसे पाहिले आहे. नव्या शासकीय महाविद्यालयांतल्या अध्यापकांच्या रिकाम्या जागा हा वारंवार चर्चेत येणारा विषय आहे. उद्या मुंबई-पुण्याच्या जुन्या महाविद्यालयांत देहही असतील, अध्यापकही असतील आणि वर चष्मेही असतील. आमच्या वाट्याला मात्र 'देह नाहीत ना, मग चष्मे घ्या' असे उत्तर येईल. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही आमची दुसरी म्हण अशा वेळी आठवते.

दहा विद्यार्थ्यांमागे एक देह, असा या शिक्षणातला जुना दंडक. म्हणजे शंभर मुलांच्या तुकडीला दरवर्षी दहा देह. ते कुठून यायचे? १९४९ च्या कायद्याने बेवारस मृतदेह वैद्यकीय संस्थांना देण्याची सोय केली. त्यात व्यवहार आहे, पण एक सल आहे. ज्यांना जिवंतपणी डॉक्टर भेटला नाही, त्यांच्याच देहावर डॉक्टर घडायचा. ब्रिटनमध्येही हेच झाले. १८२८ साली एडिंबरो शहरात बर्क आणि हेअर या दोघांनी शरीरशास्त्राच्या शिक्षकाला प्रेते विकण्यासाठी सोळा माणसे मारली. त्या हाहाकारानंतर १८३२ साली कायदा झाला आणि कुणी मागणी न केलेली गरिबांची प्रेते महाविद्यालयांकडे जाऊ लागली. खून थांबले, ओझे मात्र गरिबाच्याच खांद्यावर राहिले.

ते उतरवण्याचा सन्मानाचा मार्ग एकच, स्वेच्छेने देहदान. त्याची वाट आमच्याच मातीतल्या एका माणसाने दाखवून ठेवली आहे. नानाजी देशमुख १९१६ साली कडोळीला जन्मले. हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पूर्वीच्या परभणी जिल्ह्यातले. २७ फेब्रुवारी २०१० रोजी चित्रकूटला त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे देह दिल्लीच्या 'एम्स'ला देण्यात आला. त्याच वर्षी जानेवारीत कम्युनिस्ट नेते ज्योती बसू यांचा देह कोलकात्यात वैद्यकीय शिक्षणासाठी दिला गेला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सीताराम येचुरी यांचा 'एम्स'ला. जिवंतपणी एका व्यासपीठावर ज्यांचे जमले नसते, ती माणसे शेवटी विद्यार्थ्यांच्या एकाच टेबलाशी येऊन थांबली. दधीची ऋषींनी अस्थी दिल्याची कथा आपण मुलांना सांगतो, तिचा आजचा अर्थ याहून वेगळा काय असेल?

आमच्या भागात हे सोपे नाही, याची मला जाणीव आहे. गंगाखेडला गोदावरीच्या काठी अस्थी सोडायच्या, ही इथल्या माणसाची शेवटची इच्छा. दफन करणाऱ्या समाजांच्या भावना वेगळ्या. या बाबतीत कुणी कुणावर सक्ती करू नये. पण ज्याची इच्छा आहे त्याने काही गोष्टी समजून घ्याव्यात. देहदान आणि अवयवदान वेगळे. देहदानासाठी जवळच्या महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात अर्ज भरायचा असतो. पण मृत्यूनंतर कळवायचे आणि देह पोचवायचे काम घरच्यांनाच करायचे असते. तेव्हा अर्जाइतकेच महत्त्वाचे आहे घरात मोकळेपणाने बोलणे. अपघात किंवा संशयास्पद मृत्यूत, काही संसर्गजन्य आजारांत देह स्वीकारत नाहीत. आणि वेळ फार थोडा असतो, काही तासांचा.

आमच्या घरी हा विषय काढला तेव्हा सौभाग्यवती भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, 'अहो, तुमचा अर्ज तुम्ही भरा. माझं मी ठरवीन. पण पोरांना आधी सांगा, ऐन वेळी त्यांच्यात भांडणं नकोत.' देहदानावरच्या कित्येक व्याख्यानांपेक्षा हे बोलणे मला अधिक उपयोगी वाटले.

आता सरकारकडे आणि लोकप्रतिनिधींकडे काय मागायचे? यंत्र मागावेच, पण क्रम चुकू नये. पहिली मागणी, शरीररचनाशास्त्राची सर्व पदे भरा. दुसरी, परभणीच्या नऊही तालुक्यांतून रात्री-अपरात्री देह सन्मानाने आणता येईल अशी गाडी, माणूस आणि दूरध्वनी ठेवा. तिसरी, यंत्र घ्या ते पाच वर्षांच्या देखभालीच्या कराराने, आणि त्या खोलीची किल्ली कपाटात न ठेवता संध्याकाळीही विद्यार्थ्यांना वापरू द्या. दिवसा देहावर पाहिलेले रात्री पडद्यावर उजळून घेतले, तर जुने आणि नवे एकमेकांना पूरक ठरतील.

२०२९ उजाडायला फार दिवस नाहीत. परभणीतून बाहेर पडलेली एखादी तरुण डॉक्टर जिंतूरच्या डोंगरकडेला आरोग्य केंद्रात रुजू होईल. मध्यरात्री कुणीतरी पोटात कळ आलेले पोर तिच्यापुढे आणून निजवील. वीज गेलेली असेल, मोठा दवाखाना दोन तास दूर असेल. ती त्याच्या पोटावर हात ठेवील आणि आत कुठे काय आहे हे त्या हाताने तिला सांगावे लागेल. तो हात आज तयार होतो आहे.